प्रवासाचे क्रेडिट कार्ड घेण्याआधी आपलेच स्टेटमेंट वाचा

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि ऐरोली, नेरुळ, खारघर, पनवेल या पट्ट्यातल्या कुटुंबांच्या बोलण्यात विमानप्रवास पूर्वीपेक्षा सहज येऊ लागला. सांताक्रूझपर्यंतच्या वाहतूक कोंडीत अडकण्याची धास्ती कमी झाली की सुट्टीचे बेतही वाढतात, आणि बेत वाढले की मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी टेबल मांडून बसलेल्या कार्डविक्रेत्यांकडे आपण जरा थांबून पाहू लागतो. ऐरोलीत राहणारे माझे भावोजी असेच थांबले आणि दोन माहितीपत्रके घेऊन घरी आले. दोन्हींवर विमानाचे चित्र होते, दोन्हींवर लाउंज, म्हणजे विमानतळावरचा खाण्यापिण्याची सोय असलेला विश्रांती कक्ष, मोफत असल्याचे लिहिले होते, आणि दोन्ही कार्डे प्रवाशांसाठीच बनवल्याचा दावा होता. एकाचे वार्षिक शुल्क ५,००० रुपये होते, तर दुसऱ्याचे २,५००. "यातले चांगले कोणते, एवढेच सांग," असे त्यांनी मला विचारले. त्या प्रश्नाला एका वाक्याचे उत्तर नाही, म्हणून हा लेख.

बाजारात क्रेडिट कार्डांचे ढोबळमानाने तीन थर आहेत. तळाशी मोफत किंवा नाममात्र शुल्काची कार्डे असतात, आणि वरच्या टोकाला वर्षाला दहा हजारांहून अधिक शुल्क घेणारी, मोठ्या पगारदारांची कार्डे असतात. त्यांच्या मधे साधारण दोन ते सहा हजार रुपये शुल्काची जी कार्डे आहेत त्यांना मध्यम श्रेणीची कार्डे म्हणता येईल. निवडीचा घोळ याच थरात सर्वाधिक होतो, कारण इथे शुल्क खिशाला जाणवण्याइतके असते आणि लाभ मात्र ते शुल्क जेमतेम भरून काढण्याइतकाच असतो.

पॉइंट बँक देते, पण ते येतात कुठून?

आपण दुकानात कार्डाने १०० रुपये दिले तर दुकानदाराच्या खात्यात पूर्ण १०० रुपये जमा होत नाहीत. साधारण दीड ते दोन रुपये व्यवहार शुल्क म्हणून कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. घर भाड्याने देताना दलाल मालकाकडून दलाली घेतो आणि भाडेकरूला खूश करण्यासाठी त्यातूनच चहा पाजतो, तसाच हा प्रकार आहे. कार्डावरच्या खर्चाच्या बदल्यात बँक देते तो रिवॉर्ड पॉइंट हाच तो चहा.

एवढे समजले की पुढच्या अनेक अटींचा उलगडा आपोआप होतो. पेट्रोल पंप, सरकारी भरणा, विमा, वीजबिल या ठिकाणी व्यवहार शुल्क कमी असते, त्यामुळे बँका तिथे पॉइंट देत नाहीत किंवा हात आखडता घेतात. ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्याला क्यूआर कोड स्कॅन करून आपण जे पैसे देतो ते बहुधा थेट बचत खात्यातून जातात, त्यामुळे त्यांचा क्रेडिट कार्डाशी संबंधच येत नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते हे खरे, परंतु छोट्या दुकानदाराकडच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांवर शुल्क नसल्याने तिथे पॉइंटांची फार आशा धरू नये. म्हणजे घरखर्चाचा बराच मोठा भाग या खेळाच्या बाहेर राहतो. माहितीपत्रकातला हिशेब मात्र तो भाग आतच आहे असे गृहीत धरून मांडलेला असतो.

पॉइंट म्हणजे रुपया नव्हे

शाळेच्या आनंदमेळ्यात आपण पैसे देऊन कूपने घेतो. त्या कूपनांवर भेळ किती मिळेल आणि झोपाळ्याचा एक फेरा किती कूपनांना पडेल, हे मेळा भरवणारे ठरवतात, आणि दुपारनंतर दर बदलले तर तक्रार कोणाकडे करणार? पॉइंटांचेही असेच आहे. "शंभर रुपयांना पाच पॉइंट" आणि "शंभर रुपयांना दोन पॉइंट" यांची तुलना पॉइंट कुठे आणि किती पैशांना वटतो हे कळल्याशिवाय निरर्थक ठरते. एकाच पॉइंटची किंमत विमानाच्या तिकिटासाठी ५० पैसे, वस्तूंच्या यादीतून मिक्सर घेतला तर ३५ पैसे आणि बिलातून वजावट घेतली तर २० पैसे, अशी रचना सर्रास आढळते. शिवाय पॉइंट वापरताना अनेक बँका ९९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी आकारतात, आणि ठरावीक मुदतीनंतर पॉइंट बादही होतात.

म्हणून पहिले काम एकच करावे. कार्डावरच्या प्रत्येक लाभाचे "१०० रुपयांमागे किती पैसे परत" या एकाच मापात रूपांतर करावे. भावोजींच्या दोन पत्रकांचे आम्ही तेच केले. महागडे कार्ड साध्या खर्चावर १०० रुपयांना २ माइल देत होते, आणि विमान कंपनीकडून किंवा हॉटेलकडून थेट आरक्षण केल्यास ५ माइल. माइल म्हणजे प्रवासासाठीच वापरायचा पॉइंट. बँकेच्या प्रवास संकेतस्थळावर तो एक रुपयाला वटत होता, म्हणजे परतावा अनुक्रमे दोन आणि पाच टक्के झाला. स्वस्त कार्ड १५० रुपयांना ४ पॉइंट देत होते आणि तिकिटासाठी त्याची किंमत ५० पैसे होती, म्हणजे परतावा १.३३ टक्के. इथपर्यंत महागडे कार्डच सरस दिसते, आणि विक्रेत्याचे बोलणेही नेमके इथेच थांबते.

स्टेटमेंट काय सांगते?

ताईने बारा महिन्यांची स्टेटमेंट छापून आणली आणि आम्ही रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसलो. वर्षभरात कार्डावर एकूण ६ लाख रुपये खर्च झाले होते. आकडा भरघोस होता आणि भावोजी खूश होते. मग आम्ही एकेक ओळ तपासायला घेतली. पेट्रोल ४८,००० रुपये, कुटुंबाचा आरोग्य विमा आणि गाडीचा विमा मिळून ५२,००० रुपये, दोन मुलांची शाळेची फी एका ॲपमधून भरलेली १,२०,००० रुपये. दोन्ही कार्डांच्या अटींमध्ये हे तिन्ही प्रकार पॉइंटांतून वगळलेले होते. सहा लाखांतून २,२०,००० रुपये असे लाल शाईखाली गेले आणि उरले ३,८०,०००.

त्यात ३ लाख किराणा, कपडे, हॉटेलातले जेवण, ऑनलाइन खरेदी यांचे होते आणि ८०,००० मे महिन्यातल्या हिमाचलच्या सहलीचे. या ८०,००० रुपयांवर पाच टक्के मिळतील असे भावोजींनी धरले होते. इथे आणखी एक मेख आहे. प्रत्येक व्यापाऱ्याला कार्ड यंत्रणेत चार आकडी वर्ग क्रमांक दिलेला असतो आणि पॉइंट त्या क्रमांकावरून ठरतात, आपण काय विकत घेतले यावरून नाही. हॉटेलांचा सामान्य क्रमांक ७०११ आहे, प्रवास संस्थांचा ४७२२. भावोजींनी ४४,००० रुपयांची तिकिटे विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढली होती, पण उरलेले ३६,००० रुपये सहल आयोजकाला दिले होते. ते पैसे पुढे मनालीच्या हॉटेलवाल्याकडेच गेले असले तरी कार्डाच्या लेखी तो खर्च हॉटेलचा नसून प्रवास संस्थेचा होता, आणि पाच टक्क्यांची अट तर "थेट आरक्षणा"ची होती.

आता बेरीज पाहा. महागड्या कार्डावर ४४,००० रुपयांचे पाच टक्के म्हणजे २,२०० आणि उरलेल्या ३,३६,००० रुपयांचे दोन टक्के म्हणजे ६,७२०, असे मिळून ८,९२० रुपये येतात. वार्षिक शुल्क ५,००० दिसते, पण जीएसटी धरून ते ५,९०० होते. हाती राहतात ३,०२० रुपये. स्वस्त कार्डावर ३,८०,००० रुपयांचे सुमारे ५,०६० रुपये होतात आणि जीएसटीसह २,९५० रुपये शुल्क वजा करता २,११० उरतात.

तेव्हा महागडे कार्ड नऊशे रुपयांनी पुढे आहे असे वाटेल. परंतु भावोजींच्या पाकिटात आधीपासून एक मोफत कार्ड होते आणि ते याच खर्चावर सरसकट एक टक्का परत देत होते. म्हणजे काहीही न करता, एक पैसाही शुल्क न भरता, ३,८०० रुपये. दोन्ही नवी कार्डे या जुन्या, चित्र नसलेल्या कार्डापुढे हरली! निवड दोन कार्डांमध्ये करायची असते असे आपण समजतो, प्रत्यक्षात ती तिघांमध्ये असते आणि तिसरे कार्ड बहुधा आपल्याकडे असतेच.

एक बारीक अट मात्र अजून बाकी होती. स्वस्त कार्डाचे शुल्क वर्षाला ४ लाख रुपये खर्च केल्यास माफ होणार होते. पॉइंटांना पात्र खर्च ३,८०,००० होता, म्हणजे २०,००० रुपयांनी कमी. ज्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत तो खर्च शुल्कमाफीच्या मोजणीत धरतात की नाही? पत्रकात याविषयी एक शब्दही नव्हता. हा प्रश्न आम्ही वहीत लिहून ठेवला.

पण लाउंजचे काय?

बहुतेक जण या वर्गातले कार्ड लाउंजसाठीच घेतात, हे मान्य करायला हवे. लाउंजची किंमत कशी मोजावी याविषयी माझे मत सरळ आहे. लाउंज नसते तर आपण विमानतळावर जेवढे पैसे खर्च केले असते तेवढीच त्याची किंमत धरावी, लाउंजच्या दारावर लिहिलेला दर धरू नये. ठाण्याहून निघणारा माणूस कोंडीच्या भीतीने तीन तास आधी निघतो आणि लवकर पोहोचला तर इडली-कॉफी घेतो. माणशी चारशे रुपये धरले तरी पुष्कळ झाले. भाजीवाल्याने वर फुकट टाकलेली कोथिंबीर चांगलीच लागते, पण तिच्यासाठी कोणी दोन किलो वांगी जास्त घेत नाही.

२०२३-२४ पासून अनेक बँकांनी लाउंजला अट जोडली आहे. आधीच्या तीन महिन्यांत ठरावीक रक्कम खर्च केली असेल तरच पुढच्या तीन महिन्यांत प्रवेश मिळतो. हे मला अनुभवाने कळले. एका मे महिन्यात मुंबईच्या टर्मिनल दोनवर पहाटे साडेचारला आम्ही चौघे लाउंजच्या रांगेत उभे होतो. काउंटरवरच्या मुलीने कार्ड यंत्रात घातले, पुन्हा घातले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, यावर एन्ट्री दाखवत नाही." जानेवारी ते मार्च या काळात माझा खर्च अटीपेक्षा थोडा कमी पडला होता. बँकेने तो बदल ईमेलने कळवला होता, अर्थात सवलतींच्या चाळीस ईमेलांच्या मध्ये. अट पूर्ण झाली असती तरी मोफत प्रवेश एकट्या मलाच होता आणि बायको-मुलांचे पैसे मोजावेच लागले असते, हेही तेव्हाच समजले. त्यामुळे कुटुंबासह प्रवास करणाऱ्याने पुरवणी कार्डावर, म्हणजे आपल्याच खात्यावर घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या नावे घेतलेल्या कार्डावर, लाउंज मिळते का, आणि आपण वापरतो त्या विमानतळावरचे, त्याच टर्मिनलमधले लाउंज बँकेच्या यादीत आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. नवी मुंबईहून उडणार असाल तर मुंबईच्या लाउंजची यादी कामाची नाही.

परदेशी जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा

परकीय चलनात कार्ड वापरले की बँक विनिमय दरावर अधिभार लावते. साध्या कार्डांवर तो बहुधा ३.५ टक्के असतो आणि जीएसटी धरून ४.१३ टक्के होतो. मध्यम श्रेणीच्या अनेक कार्डांवर तो २ टक्के, म्हणजे जीएसटीसह २.३६ टक्के असतो. परदेशात दीड लाख रुपये खर्च झाले तर पहिल्या प्रकारात ६,१९५ रुपये जातात, दुसऱ्यात ३,५४०. फरक २,६५५ रुपयांचा, म्हणजे वर्षभर जपून गोळा केलेल्या पॉइंटांच्या तोडीचा. ज्यांचे वर्षातून एकदा तरी परदेशी जाणे होते त्यांनी पॉइंटांआधी हा अधिभार पाहावा, आणि शून्य अधिभाराची, वार्षिक शुल्क नसलेली कार्डेही मिळतात हे लक्षात ठेवावे.

तिकडच्या दुकानात यंत्रावर "रुपयांत पैसे द्यायचे का" असा प्रश्न येतो. तिथे नाही म्हणावे आणि स्थानिक चलन निवडावे, कारण रुपयांत रूपांतर करणारी कंपनी स्वतःचा चढा दर लावते आणि त्यावर आपली बँकही बहुधा शुल्क घेतेच.

माइल विमान कंपनीकडे वळवले तर किंमत वाढते ना?

हा आक्षेप योग्य आहे आणि तो घेणारे लोक बहुधा या विषयातले जाणकार असतात. काही कार्डांचे माइल विमान कंपन्यांच्या सदस्य योजनेत वळवता येतात आणि तिथे तिकीट नेमके मिळाले, विशेषतः लांबच्या प्रवासाचे बिझनेस वर्गाचे, तर एका माइलची किंमत एक रुपयाऐवजी दोन रुपयेही पडू शकते. भावोजींचे ८,९२० माइल मग सतरा-अठरा हजारांचे झाले असते. पण अशा तिकिटांच्या जागा थोड्या असतात, त्या कित्येक महिने आधी शोधाव्या लागतात, कर व अधिभार रोखीने भरावे लागतात, आणि ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांची सुट्टी मे महिन्यात नाहीतर दिवाळीतच असते. त्या दिवसांत या जागा मिळणे सर्वात कठीण. ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात एकटे निघू शकणाऱ्याने हा मार्ग जरूर अभ्यासावा. चौघांनी एकत्र निघणाऱ्याने त्यावर शुल्काचा निर्णय बेतू नये.

दुसरा धोका साठवणुकीचा. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली आणि जेटच्या विमानांसाठी माइल जमवलेल्यांना इतर वाटा शोधाव्या लागल्या. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाची कार्डे बाळगणाऱ्यांना सगळी गणिते नव्याने मांडावी लागली. कंपनी टिकली तरी दर बदलतात. अॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख रुपये खर्च केल्यास २५,००० पॉइंट मिळत असत, ते १ सप्टेंबर २०२३ पासून बंद झाले. पॉइंटांना व्याज लागत नाही, त्यामुळे ते साठवून ठेवण्यात काही अर्थ नसतो. वर्षाला एकदा वापरून टाकावेत.

पहिल्या वर्षाचा मोह

कार्ड घेताना मिळणारी भेट, मग ती २,५०० पॉइंट असो वा हॉटेलचे व्हाउचर, पहिल्या वर्षाचे शुल्क बरेचसे भरून काढते. पण ती दुसऱ्या वर्षी नसते, म्हणून हिशेब दुसऱ्या वर्षाचाच मांडावा. तसेच टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या बक्षिसांविषयीही सांगतो. पाच लाखांवर १,५०० रुपयांचे व्हाउचर आहे आणि आपला खर्च ४,७०,००० झाला आहे, अशा वेळी मार्च महिन्यात नको असलेला फ्रिज घेणारी माणसे मी पाहिली आहेत.

आणि बिल पूर्ण भरले नाही तर?

तर वरचे सगळे परिच्छेद रद्द समजावेत. ६०,००० रुपयांचे बिल आले आणि फक्त किमान रक्कम भरली, तर महिन्याला ३.७५ टक्के दराने ६०,००० रुपयांवर २,२५० रुपये व्याज आणि त्यावर ४०५ रुपये जीएसटी, असे २,६५५ रुपये लागतात. योगायोगाने हा तोच आकडा आहे जो परदेशवारीत वाचला होता. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज नको, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द ठरवला, त्यामुळे ती मर्यादाही आता नाही. ज्यांचे बिल वर्षातून एकदा जरी मागे राहते त्यांनी प्रवासाचे कार्ड घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्ड पटले नाही तर अडकून पडू का?

नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण करायची असते, आणि विलंब झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. वार्षिक शुल्काची तारीख कॅलेंडरवर लिहून तिच्या महिनाभर आधी फेरविचार करावा, आणि बंद करण्यापूर्वी पॉइंट वापरून घ्यावेत.

वहीत लिहिलेला प्रश्न भावोजींनी बँकेला फोनवर न विचारता ईमेलने विचारला. पाचव्या दिवशी उत्तर आले. विमा आणि शाळेची फी यांवर पॉइंट मिळणार नाहीत, मात्र शुल्कमाफीच्या चार लाखांत ती धरली जाईल, आणि पेट्रोल धरले जाणार नाही. म्हणजे मोजणीत ५,५२,००० रुपये आले, शुल्क माफ झाले, आणि स्वस्त कार्डाचे ५,०६० रुपये पूर्ण हाती राहिले. मोफत कार्डापेक्षा १,२६० रुपये जास्त. भावोजींनी अर्ज केला, त्या ईमेलची छापील प्रत ताईच्या विम्याच्या फायलीत लावली, आणि पाच हजारांच्या कार्डाचे पत्रक धाकट्या मुलाला चित्रासाठी कात्रीने कापायला दिले.